दाराआधीचा थांबा

नव्या सिनेमातला पहारेकरी दारापाशी थांबत नाही, एवढ्या कारणावरून मोठी माणसं रडकुंडीला येतात असं कोणी मला आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या दुपारी माझ्या हॉलमध्ये केस पिकलेली तीन कमावती माणसं सोफ्यावर अंग चोरून बसली होती, आणि त्यांच्यातला दातांचा डॉक्टर खरोखर खिशात रुमाल शोधत होता.

“सरळ आत शिरतो हो काकू,” तो म्हणाला. “दार उघडलं की हा आत. मनात काही नाही, डोक्यात काही नाही.”

“यंत्रच ते. त्याला मन कुठलं?” मी म्हटलं.

तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मयताच्या घरी हसले होते.

पहारेकरी म्हणजे माझा नवरा. आम्ही तरुण असताना आकाशात वाट चुकलेल्या एका जहाजाचे तीन सिनेमे निघाले, आणि त्यातला जहाज राखणारा पत्र्याचा माणूस आत शिरून चालवायचं काम त्याच्याकडे होतं. चेहरा कधी दिसला नाही. आवाजसुद्धा दुसऱ्याचाच. नाव शेवटी यायचं, लोक खुर्चीखाली चपला शोधत असताना. आता भरपूर पैसेवाल्या एका कंपनीने तीच गोष्ट पहिल्यापासून नव्याने काढली होती. पहारेकरी संगणकावर बनवला होता, त्यामुळे त्याच्या आत कोणी नव्हतं. आणि जुन्या सिनेमांवर जीव टाकणाऱ्यांचं जे मंडळ आहे, त्यात हाहाकार उडाला होता.

मंडळाचा जीव त्या थांब्यात होता. जुना पहारेकरी कुठल्याही दाराआधी क्षणभर थांबायचा, मान जराशी झुकवायचा आणि मगच आत जायचा. का थांबायचा, यावरून या लोकांनी उभं आयुष्य वाद घातला. सोफ्याच्या कडेला बसलेल्या गणिताच्या बाई म्हणत, त्याला प्रत्येक दाराशी आपला मागे राहिलेला ग्रह आठवतो. त्यांच्या शेजारचा बसचालक म्हणे, तो परवानगी मागतो, भला माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना थांबतो तसा. डॉक्टरचं मत, तो घाबरतो, पहिल्या भागात त्याला कोंडून ठेवलं होतं म्हणून. यावरून मंडळात एकदा फूट पडली होती आणि एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, असं बसचालकाने मला चहाच्या पहिल्याच घोटाला सांगितलं.

खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण दार मी उघडत होते. दार म्हणजे चंदेरी रंग दिलेली प्लायवूडची फळी. खाली खोबण, वर कप्पी, आणि पलीकडे दोरी धरून मी. सेटवर मला सगळे दोरी म्हणायचे, हा अजून म्हणतो. रंग पिऊन फुगलेली फळी खोबणीत अडायची. पत्र्याच्या डोक्यात डोळ्यांच्या जागी दिवे होते, त्यामुळे याला दिसायचं ते गळ्यापाशी ठेवलेल्या फटीतून, आणि तेही पायापुरतं. तो दाराशी यायचा, मान झुकवून खाली बघायचा आणि फळी सरकली की पाऊल टाकायचा. दिग्दर्शकाने पहिल्या दिवशी आकांडतांडव केलं, मग फिल्म महाग म्हणून तसंच चालू दिलं. एवढीच गोष्ट.

पण आठवते मात्र ती गोष्ट म्हणून आठवत नाही. धूर सोडलेला असायचा. दिवे त्या धुरात विरघळायचे, आणि मी अंधारात दोरीला लोंबकळून बसलेली. पलीकडून पत्र्याची पावलं येत येत दाराशी थांबायची आणि सगळा सेट चिडीचूप व्हायचा. त्या शांततेत फळीपलीकडचा त्याचा श्वास मला ऐकू यायचा. तिसरा सिनेमा संपल्यावर आम्ही लग्न केलं. पुढे किती तरी दिवस त्याच्या केसांतून, कानांमागून चंदेरी कण निघत राहिले, उशीवर पडत राहिले, आणि मला ते झटकावेसे वाटायचे नाहीत.

आता त्याला कंपवात आहे. हाताची थरथर लोकांना कळते, पण खरा त्रास पायांचा. मोकळ्या जागेत तो बरा चालतो. दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, या आजारात होतं असं, मेंदू दाराशीच अडतो. मी त्यांच्यासमोर हसले आणि जिन्यात येऊन रडले.

तेव्हापासून आमचं घर फार मोठं झालं आहे. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायचं म्हणजे प्रवास. तो उंबऱ्याशी उभा राहतो, मी त्याचं कोपर धरून शेजारी, आणि खिडकीतलं ऊन फरशीवरून आमच्या पायांपर्यंत येतं. घरात त्याचं काही वाटत नाही. बाहेर मात्र लोकांना दम नसतो. लिफ्टच्या दारात, बँकेच्या दारात मागून उसासे येतात, “चला की आजोबा” येतं. मागच्या वर्षी दवाखान्याच्या दारात कोणीतरी त्याला मागून हलकेच ढकललं, मदत म्हणून, आणि तो तोंडावर पडला. त्यानंतर त्याने बाहेर जाणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाला. गुडघ्याला काही झालेलं नाही.

नवा सिनेमा आल्यापासून मात्र तो रोज मला विचारायचा, “लोक काय म्हणतायत गं?” त्याला तो मोठ्या पडद्यावर बघायचा होता. तोंडाने म्हणाला नाही, पण इतक्या वर्षांनी तेवढं कळतं. आणि मला हा कोणाच्या नजरेला पडायला नको होता. ज्यांनी त्याला देव करून ठेवलं त्यांनीच त्याची कीव केलेली मला सहन झाली नसती. म्हणून मंडळी आली तेव्हा मी सांगितलं, हे झोपलेत.

“आमचं एकच मागणं आहे,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “मंडळाचं ठरलंय. आधी काका सिनेमा बघतील, त्यांचं मत सांगतील. तोवर आमच्यातलं कोणी थिएटरची पायरी चढणार नाही.”

“मग तो सरळ आत शिरतो हे यांना कसं कळलं?” मी डॉक्टरकडे बोट दाखवलं.

डॉक्टर बिस्किटाकडे बघायला लागला. बसचालक हळूच म्हणाला, “शेवटी रडू येतं, पण ते संगीतामुळे.” आणि मग त्याचेही कान लाल झाले.

“म्हणजे दोघांनी बघितला.”

“मी फक्त मध्यंतरापर्यंत,” बाई म्हणाल्या. “जहाज किती स्वच्छ आहे हो त्यांचं. कुठे तेलाचा डाग नाही. अशा जहाजात वाट चुकावीशी तरी वाटेल का? आणि पहारेकऱ्याला बालपण दिलंय. बालपण! त्याला आई दाखवलीय.”

“मी चारदा बघितला,” डॉक्टर म्हणाला. “चारही वेळा आवडला नाही.”

तेवढ्यात आतलं दार करकरलं. मी वळले, तर हा उंबऱ्याच्या पलीकडे उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर सोडून लावलेली. त्याने सगळं ऐकलं होतं. हॉलमध्ये यायला निघाला होता आणि दाराशी पाय चिकटले होते. मान झुकलेली, नजर खाली.

तिघंही उभे राहिले. डॉक्टरने बशी खाली ठेवली, आवाज होऊ न देता. बाईंचा हात तोंडावर गेला. “थांबला,” बसचालक पुटपुटला. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच त्याने तो थांबा करून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यांवर जे पसरलं होतं त्याला मी आनंदच म्हणेन, आणि माझं डोकं फिरलं.

“नाटक नाहीये ते,” मी म्हणाले. “आजार आहे. पाय उचलत नाहीत त्याचे. दार दिसलं की उचलत नाहीत. काय बघताय?”

पाहुण्यांपुढे मी त्याला अहो म्हणते. त्या दिवशी तेही विसरले. बोलून गेले आणि माझा जीव अर्धा झाला, कारण जे कोणाला कळू नये म्हणून मी वर्षभर दार लावून बसले होते, ते मीच चव्हाट्यावर आणलं होतं.

मी त्याचं कोपर धरायला निघाले, तर बाई हळू आवाजात म्हणाल्या, “असू दे काकू. थांबू दे त्यांना. आम्हाला घाई नाहीये.”

आणि त्यांना खरंच घाई नव्हती. मी बघत होते. कोणी उसासा सोडला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, उगाच खोकलं नाही. या माणसांनी पोरवयापासून एका दाराशी थांबलेल्या माणसाकडे बघायचीच सवय केली होती. जगात त्यांच्याइतकं हे कोणाला जमत नसेल. पंखा फिरत होता, पडदा जरा हलला, चहावर साय धरली. मग त्याचं डावं पाऊल उचललं आणि तो आत आला.

“दोरी, मलापण टाक थोडा,” तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

पुढचा तासभर मी फक्त कप भरले. त्याने सगळं विचारून घेतलं. नव्याचं वजन वाटतं का? वाटत नाही, बसचालक म्हणाला, वाऱ्यावर चालतो. मग तो पुढे भिंतीपाशी कसा वळतो? तिघं तीन तोंडांनी सांगू लागले, आणि नावं ठेवता ठेवता त्यांचे डोळे चमकत होते. नावं ठेवायला मिळतात म्हणून तरी तो सिनेमा त्यांना हवाच होता. शेवटी डॉक्टरने धीर करून विचारलं, “काका, आता एकदा सांगूनच टाका. तुम्ही का थांबायचा?”

मी मनात म्हटलं, झालं, आता भोपळा फुटणार.

“मला दार दिसायचं नाही,” तो म्हणाला. “पलीकडून कोणीतरी ओढतंय, एवढं माहीत होतं.”

मला वाटलं, यांची तोंडं उतरतील. कसली उतरतात. बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने बसचालकाकडे, आणि तिथल्या तिथे मंडळात चौथा पक्ष निघाला. “म्हणजे विश्वास,” डॉक्टर म्हणाला. “तो विश्वास ठेवतो.” अशा माणसांपुढे खरं बोलून उपयोग नसतो.

“मला बघायचाय तो सिनेमा,” हा एकदम म्हणाला.

“थिएटरला किती दारं असतात माहितेय ना?” मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. ते मला बघवलं नाही. पण मी हो म्हणायच्या आत बसचालकच म्हणाला, “असू देत की. आम्ही मागे उभे राहतो.”

पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो. त्या सकाळची मला तुटक तुटकच आठवण आहे, झोपेत फिरल्यासारखी. काचेचं मोठं दार, त्यात आमची पाचही जणांची प्रतिबिंबं, आणि त्याच्यामागे अर्धवर्तुळ करून उभे ते तिघं. तिकीट तपासायचं दार. मऊ गालिचा, भिंतींवर तेच जहाज, माणसापेक्षा मोठं, चकचकीत. प्रत्येक दाराशी आम्ही थांबत होतो आणि मला हळूहळू घाई वाटेनाशी झाली. शेवटचं दार पडद्याच्या खोलीचं. बाईंनी त्याचं कोपर धरलं होतं, म्हणून तिकिटं घेऊन मी जागा बघायला आत गेले. वळून बघते तर तो उंबऱ्याशी थांबला होता.

त्याच्यामागे रांग तुंबली. “काय झालं पुढे?” कोणीतरी विचारलं.

“पहारेकरी आहेत,” बसचालक म्हणाला. “जुने. थांबा जरा.”

ते शब्द कुजबुजत मागे मागे गेले. मला वाटलं, आता कोणीतरी हसेल. रांग नुसती गप्प झाली. मागच्या पोराटोरांना काय समजलं असेल कोण जाणे, पण तीही थांबली.

आणि मी आतून त्याच्याकडे बघत होते. सेटवर आमच्या मध्ये फळी होती आणि त्याच्या डोक्यावर पत्रा. घरी मी कायम शेजारी, कोपर धरून, नजर त्याच्या पावलांवर. दाराशी थांबल्यावर त्याचा चेहरा कसा असतो, हे मी आख्ख्या जन्मात समोरून पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, लाज असेल. भीती असेल. मीच ती असेल असं धरून चालले होते आणि त्याला घरात घेऊन बसले होते.

त्याने मान वर केली होती. अंधारात त्याने मला शोधलं आणि मी सापडल्यावर तो बघत राहिला, अगदी निवांत. चारही पक्ष चुकले होते. तो माझी वाट बघत होता, आणि त्यात त्याला काही अवघड वाटत नव्हतं.

माझ्या पाठीमागे सिनेमा सुरू झाला. मी तिकिटं कमरेला खोचली आणि तिथेच उभी राहिले.