निलच्या पुढचं गाव

शेजारच्या मार्कने कुंपणावरून सीडी परत केली आणि तिच्यासोबत झाडाची चार लिंबंही दिली.

"बायकोने आणि मी, दोघांनी ऐकली," तो म्हणाला. "गुड स्टफ, मेट. तुझी पोरगी खोटं गात नाही. फक्त आठव्या गाण्यात कनायव्हा राहिलंय."

"राहिलंय?"

"अरॅरॅट आहे, हॉर्शम आहे, वॉरॅक्नबील आहे. रेनबो, डिंबुला, निल, सगळी आहेत. मग निलच्या पुढे कनायव्हा नको? माझी मावशी तिथली. तिला हे खपायचं नाही."

"सांगतो हॅनाला," आर्थर म्हणाला. त्याने लिंबं स्वेटरच्या खिशात कोंबली आणि सीडी हातात घेऊन तो घरात आला. सीडीच्या कव्हरवर त्याची मुलगी जुन्या स्टेशन वॅगनच्या बॉनेटवर बसली होती. ती गाडी विकून कैक वर्षं झाली होती. फोटोसाठी तिने तसलीच एक कुठून तरी पैदा केली होती.

विनिता टेबलाशी बसून टॅब्लेटवर वाचत होती. वसईच्या बायकांना लग्नाचे फोटो जेवढे प्रिय, तेवढी तिला हल्ली लेकीच्या अल्बमवरची अनोळखी लोकांची मतं प्रिय झाली होती. सकाळचा चहा त्यांच्याशिवाय तिच्या घशाखाली उतरत नसे.

"हा बघ, क्वीन्सलँडचा कुणी लिहितो, ही बाई आमच्या बाजूची आहे का, आमचे रस्ते हिला कसे ठाऊक. आणि ही एक. हिचं कुत्रं गाणं लागलं की येऊन स्पीकरपाशी बसतं."

"कुत्र्याचं मत चांगलं आहे."

"आणि हा शहाणा. म्हणतो, सगळं सुरेख आहे, पण आठव्या गाण्यात प्रत्येक गावाचं नाव घेऊन ती गप्प का बसते? तिथे काहीतरी यायला हवं होतं." विनिताने चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "मार्क काय म्हणाला?"

"एक गाव राहिलंय म्हणाला."

"झालं. आपल्या सगळ्या पॉइंट कुकचं मत गोळा करून झालं. आता तुझं कधी सांगणार?"

"बापाचं मत कुणी धरत नाही."

"मग लोकांना 'सहज ऐका' म्हणून सीड्या कशाला वाटत फिरतोस? ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जात नाही तुझी." ती पुन्हा टॅब्लेटकडे वळली. "शनिवार उद्यावर आलाय, आर्थर. पोरीला हो किंवा नाही, काहीतरी सांग."

आर्थरने लिंबं धुऊन टोपलीत ठेवली. धुण्यासारखी ती मळलेली नव्हती.

खरं म्हणजे त्याला मत द्यायचा सराव दांडगा. मेलबर्नमध्ये महिन्यातून एकदा मराठी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते, तिचा गायनवृंद तो चालवत असे, आणि त्याच्या तोंडून 'ठीक' एवढं निघालं की मंडळी परीक्षा पास झाल्यासारखी घरी जात. हॅनाच्या अल्बमबद्दल मात्र तीन आठवडे झाले तरी त्याच्या तोंडून 'ठीक'ही निघालं नव्हतं. इतरांचं काय म्हणणं आहे, ते तो इमानेइतबारे तिला फोनवर कळवी. ऑफिसातल्या यतिनचं मत तर त्याने दोनदा कळवलं होतं. यतिन क्लेटनला शिकायला आला आणि इथेच राहिला. तो शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस, त्यामुळे त्याच्याकडून आर्थरला फारशी आशा नव्हती.

"काका, ऑनेस्टली, कंट्री वगैरे माझं नाही," यतिन म्हणाला होता. "पण हिच्या आवाजात ना, घाई नाहीये. आमची छोटी स्पृहा कार सीटमध्ये बसायलाच तयार नसते. आता आठवं लावलं की बसते. डिंबुला, डिंबुला करत असते दिवसभर."

आठवं. ज्याला विचारावं तो आठव्यावरच यायचा, आणि आर्थरने नेमकं तेच पूर्ण ऐकलं नव्हतं.

त्या गाण्याची चाल त्याचीच होती. म्हणजे त्याच्या गावची. वसईला मे महिन्यात संध्याकाळी क्रुसाजवळ माणसं जमतात, रोझरीची जपमाळ होते, मग लितानी. एकजण पवित्र मारियेचं एकेक नाव गातो, आणि बाकीचे प्रत्येक नावाला उत्तर देतात, आमच्यासाठी विनंती कर. शेवटी उकडलेले चणे वाटतात आणि माणसं पांगतात. ती चाल आर्थर इथे घेऊन आला, आणि तिचा त्याने उपयोग केला झोप घालवायला. वीज कंपनीत इंजिनियर म्हणून त्याच्याकडे आडबाजूच्या उपकेंद्रांची कामं असत. गव्हाच्या शेतांतून सरळ, वळण म्हणून नसलेले रस्ते. शाळेला सुट्टी असली की हॅना शेजारच्या सीटवर असायची. रेडिओवर एकच स्टेशन लागे आणि त्यावर दिवसभर कंट्री म्युझिक. आर्थरला त्याची आवड नव्हती. दुसरं काही लागत नाही म्हणून तो ऐकायचा, आणि शेजारी बसलेली पोर ते सगळं प्यायची. मग तेही स्टेशन खरखरायला लागलं की आर्थर लितानी धरायचा आणि हॅना उत्तर द्यायची.

आता त्याच चालीवर तिने मारियेच्या नावांच्या जागी त्या गावांची नावं घातली होती. न विचारता.

"डॅडी, चाल तुझी आहे," ती फोनवर म्हणाली होती. "शनिवारी रोझरीनंतर मी गाणार तेव्हा हॉलमध्ये सगळी आपली माणसं असणार. इव्हा आंटी असणार. तुला नको असेल तर I won't sing it. Just tell me, yes or no."

"बघू," आर्थर म्हणाला होता, आणि ते घोंगडं भिजत पडलं होतं.

इव्हा आंटी हे कारण सांगायला बरं होतं. ऐंशी ओलांडलेली, मराठी मंडळींची रोझरी चालवणारी बाई. लितानीच्या चालीवर पेट्रोल पंपांच्या गावांची नावं ऐकून ती काय म्हणेल, ही भीती खोटी नव्हती. पण आर्थर गाडीत एकटा असताना आठवं गाणं लावी तेव्हा इव्हा आंटी तिथे नसे. तरी निल आलं की त्याचा हात बटणाकडे जाई.

निलच्या पुढे कनायव्हा. तिथल्या पेट्रोल पंपावर त्याला भावाचा फोन आला होता. आई गेली. माती संध्याकाळीच द्यायची ठरली होती, आणि कनायव्हाहून निघून त्या संध्याकाळी वसईला पोचेल असं विमान जगात नव्हतं. तो गाडीत येऊन बसला, रेडिओ बंद केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. हॅना तेव्हा नऊ वर्षांची. हातातला चिप्सचा पुडा तिने आवाज होऊ नये म्हणून मांडीखाली सरकवला आणि तीही बसून राहिली. त्यानंतर त्या गाडीत लितानी झाली नाही. ती का बंद झाली हे दोघांनीही कधी काढलं नाही.

शनिवारी हॉल थंड होता. मेच्या शेवटी मेलबर्नमध्ये दुसरं काय असणार. रोझरी आटोपली होती, चण्यांचं मोठं पातेलं मागच्या टेबलावर वाफाळत होतं आणि इव्हा आंटी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून कागदी वाट्या भरत होती. यतिन बायको-मुलीला घेऊन आला होता. मार्क इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता, आणि विनिता त्याला चणे कसे खायचे ते समजावून सांगत होती.

हॅना गिटार लावत होती. आर्थर खुर्च्या सरळ करत तिच्यापर्यंत पोचला.

"सो?" तिने वर न बघता विचारलं. "आठवं?"

"मार्क म्हणतो, कनायव्हा राहिलंय."

तिचा हात तारांवर थांबला.

"राहिलं नाही, डॅडी. मी घेतलं नाही." ती हळू आवाजात म्हणाली. "ते माझं नव्हतं घ्यायला."

आर्थरने समोरची खुर्ची, जी सरळच होती, पुन्हा सरळ केली. त्याला बोलायचं होतं. पण इतकी वर्षं त्याने फक्त दुसऱ्यांच्या गाण्यात खोट काढली होती, आणि इथे खोट नव्हती.

"इट्स ओके," हॅना म्हणाली. "नाही गात. No worries."

ती गायली. पहिलं गाणं संपेपर्यंत मागे वाट्यांची खुडबुड चालू होती, दुसऱ्याला ती थांबली. आवाजात घाई नव्हती, हे यतिनचं खरंच होतं. ती रस्त्यावरच्या धुळीबद्दल गायली, बंद पडलेल्या हॉटेलाबद्दल गायली, आणि ज्या माणसांनी ते रस्ते कधी पाहिले नव्हते त्यांच्या डोळ्यांपुढे ते उभे राहिले. विनिता मान हलवत होती. आर्थर मागे दाराशी उभा राहून ऐकत होता, आणि तिची एकही चूक सापडत नाही याचा त्याला राग येत नव्हता. आपली पोर चांगली गाते, हे त्याला आज प्रथमच, कुणी न सांगता, ठाऊक झालं.

सातवं संपलं. टाळ्या झाल्या. हॅनाने गिटार गळ्यातून काढायला हात घातला.

"ओय," मार्क पहिल्या रांगेतून म्हणाला. "गावं कुठेयत?"

लोक हसले. हॅना हसली नाही. तिने हॉलच्या शेवटापर्यंत, दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. आर्थरने इव्हा आंटीकडे पाहिलं. ती चणे भरत होती. मग त्याने मान हलवली, इतकी थोडी, की हॅनाशिवाय ती कुणाला दिसली नसती.

तिने पट्टा पुन्हा गळ्यात घातला.

एकाच तारेवर तिने सुरुवात केली, आणि चाल ओळखीची निघाल्यावर हॉलमध्ये दोन-चार माना वर झाल्या.

"अरॅरॅट," ती गायली, आणि थांबली. रेकॉर्डमध्ये थांबे तशीच. गिटार नुसती घुमत राहिली.

"आमच्यासाठी विनंती कर," इव्हा आंटी म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. हातातली वाटी अर्धी भरलेली होती. सगळं आयुष्य त्या चालीनंतर जे म्हटलं ते आपोआप ओठांवर आलं होतं, आणि आपण काही चुकीचं म्हटलं हे तिच्या गावीही नव्हतं.

हॅनाने चमकून पातेल्याकडे पाहिलं.

"हॉर्शम."

या वेळी तिघी-चौघी म्हणाल्या. एकीने दुसरीकडे पाहिलं, पण म्हणायची थांबली नाही. वॉरॅक्नबीलला पुरुषांचे आवाज मिळाले. रेनबोला अख्खा हॉल उत्तर देत होता. टॅब्लेटवरच्या त्या शहाण्याला काय राहिलंय असं वाटत होतं, ते हे होतं. ती जागा हॅनाने मोकळी ठेवली होती, आणि ज्यांना भरता येईल ती माणसं इतके दिवस तिच्यापर्यंत पोचली नव्हती. यतिन काही न कळून नुसता ऐकत राहिला. त्याच्या मांडीवरून स्पृहा वेळेवर म्हणाली, "डिंबुला," आणि तिलाही सगळ्यांनी उत्तर दिलं.

"निल," हॅना गायली.

"आमच्यासाठी विनंती कर."

इथे गाणं संपत होतं. तिने तारा सोडल्या. पण लितानी अशी मध्येच तुटत नाही, हे त्या माणसांच्या अंगात मुरलेलं होतं. सगळी पुढच्या नावाची वाट बघत बसली. कुणी टाळी वाजवली नाही. इव्हा आंटीने हातातली वाटी टेबलावर ठेवली आणि प्रथमच वर पाहिलं.

हॅना डोळे मिटून बसली होती.

गायनवृंदाला सूर देताना आर्थर जसा घसा साफ करी, तसा त्याने केला. मग दाराशी उभ्या उभ्या, गाडीत लावायचा त्याच सुरात, तो गायला.

"कनायव्हा."

उत्तर द्यायला हॉलला एक क्षण उशीर झाला. त्या क्षणात एकच आवाज आला, शेजारच्या सीटवरून यायचा तसा, बारीक आणि न चुकता.

"आमच्यासाठी विनंती कर."

मग बाकीचे मिळाले. मार्कला शब्द येत नव्हते. तो विनिताकडे झुकून हळूच म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना मी, राहिलंय म्हणून."

विनिताने त्याच्या हातात चण्यांची वाटी दिली.