पिंपामागची अकरा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि माझ्या आयुष्यातली अकरा वर्षं मी एका पिंपामागे काढली आहेत. आता तुम्हाला वाटेल, ही गंजाचं रडगाणं लावणार. लावणार आहेच! पण आधी माझे चांगले दिवस ऐका, म्हणजे वाईट दिवस किती वाईट होते ते कळेल.

माझा जन्म फ्रान्समधल्या सेंत-एतिएन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादी अंग, गडद हिरवा रंग, चामड्याची सीट, पुढेमागे सामानाचे कॅरिअर आणि हँडलवर पितळी घंटी. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "ही बाजारातून बटाटे आणायची सायकल नाही, ही लांब जाणार!" हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवलं आहे. पिंपामागे तर ते रोज आठवायचं.

मला विकत घेतलं जिनेटने. तेव्हा ती विशीची होती. बर्गंडीतल्या आमच्या गावचा आन्सेल्म तिला मागणी घालायला आला, तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, "लग्न करते, पण ही सायकल माझ्याबरोबर येणार." आन्सेल्म बिचारा हो म्हणाला. तो स्वतः मात्र कधी सायकलवर बसला नाही. त्याचा द्राक्षमळा, त्याचं तळघर आणि त्याची वाइन, एवढंच त्याचं जग. कुणी फिरायला चल म्हटलं की म्हणायचा, "वेली जागच्या हलत नाहीत, मग मी कशाला हलू?"

पुढे जिनेटचे गुडघे दुखायला लागले आणि मी तिच्या मुलीची, सोलेनची झाले. अहाहा, काय दिवस होते ते! आमच्या मळ्याच्या पायथ्याजवळून पूर्वी आगगाडी जायची. ती बंद पडली, रूळ उचलले आणि तिथे सायकलींचा रस्ता झाला. दोन्ही बाजूंना झाडं, मोटारींना बंदी. पिशवीत पाव, बकरीच्या दुधाचं चीज आणि दोन पीच टाकून सोलेन सकाळी निघायची ती थेट क्लूनी गावापर्यंत. वाटेत मळ्यांचे उतार, दगडी कुंपणं, कपडे धुवायचे जुने हौद. परतताना जुन्या स्टेशनच्या वळणावर ती दोनदा घंटी वाजवायची, ट्रिंग ट्रिंग! ती ऐकली की घरात जिनेट ताटलीत सूप वाढायला घ्यायची. सोलेन अंगणात मला भिंतीला टेकवून आत पळायची. मला कुलूप कधी लागलंच नाही. आपल्या अंगणात कुलूप कशाला?

सोलेन पंचवीस वर्षांची झाली त्या साली, द्राक्षतोडणीच्या आधी, जेवणाच्या टेबलावर ठिणगी पडली.

"पपा, मला काम मिळालंय," ती म्हणाली. "लोकांना सायकलवरून मळ्यामळ्यांतून फिरवायचं. शनिवारी निघायचंय."

"टूरिस्ट?" आन्सेल्मने चमचा खाली ठेवला. "टोळधाड नुसती! येतात, चाखतात, थुंकतात आणि जातात."

"पारखताना वाइन चाखून थुंकायला मला तूच शिकवलंस की!"

"तोडणीच्या तोंडावर घर सोडून जायला नव्हतं शिकवलं."

"घर सोडत नाहीये, पपा. फक्त एक हंगाम. सायकल आहे ना माझ्याकडे, वाटेल तेव्हा येईन."

हे शेवटचं वाक्य आन्सेल्मच्या डोक्यात बसलं. त्याला वाटलं, सायकल आहे म्हणून पोरगी जाते आहे. सायकल नसेल तर कुठे जाईल?

दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे नवं पिंप बांधणार होते. साधं नाही, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं ओकच्या लाकडाचं थोरलं पिंप. ते जिन्यातून खाली जाणार कसं? म्हणून सुतार फळ्या आणि लोखंडी पट्टे तळघरात नेतात आणि पिंप तिथेच उभं करतात. त्या सकाळी सोलेन मळ्यात असताना आन्सेल्मने मला खांद्यावर घेतलं, जिना उतरला आणि तळघराच्या शेवटच्या भिंतीला टेकवलं. माझ्या सीटवरून हात फिरवून म्हणाला, "आठवडाभर थांब. तिचा राग उतरला की काढतो."

दुष्ट नव्हता हो तो. घाबरला होता.

आता ऐका गंमत. गंमत कसली, माझं मरण. पिंप माझ्यापुढे आडवं येणार, म्हणून मला बाहेर काढायला बाजूने वाट हवी. आन्सेल्मने सुताराच्या कागदावरून दोरीने माप घेतलं, वाट पुरेशी उरत होती. पण त्याने माप घेतलं पिंपाच्या तोंडाचं. पिंप मधे फुगलेलं असतं, हे चाळीस वर्षं वाइन करणारा माणूस विसरला! दोन दिवसांनी सुतार पट्टे ठोकून, त्याच्या हातची वाइन चाखून निघून गेले, आणि आन्सेल्म बाजूने आत शिरायला गेला. दोन पावलं गेला आणि अडकला. पिंपाचं पोट आणि भिंत यांच्यात वीतभर फट उरली होती. तिच्यातून हात यायचा, आन्सेल्म यायचा नाही, आणि मी तर नाहीच.

त्याच वेळी वर सोलेन मला शोधत होती. कोठार, अंगण, जुनं स्टेशन, सगळीकडे फिरली. जेवायला बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते, हे मला नंतर जिनेटच्या बोलण्यातून कळलं.

"कुणीतरी नेली असेल," आन्सेल्म सूपमध्ये बघत म्हणाला. "त्या रस्त्यावरून हल्ली कोण कोण जातं."

झालं! एक वाक्य बोलून बसला. सुताराला परत बोलावलं तर सगळं बाहेर येणार. आठवड्याने त्या पिंपात गेल्या तोडणीची वाइन भरली. आणि सोलेन? ती शनिवारी मैत्रिणीच्या सायकलवरून निघून गेली. थांबली नाहीच! तिला अडकवायला मला कोंडलं, ती गेली आणि मी राहिले.

मित्रांनो, तळघर कसं असतं सांगू? तिथे ना उन्हाळा ना हिवाळा. भिंती ओल्या, अंधार दाट, वाऱ्याची झुळूक नाही. माझ्या टायरमधली हवा हळूहळू गेली आणि मी रिमवर बसले. चेन तांबडी झाली. चामड्याच्या सीटवर पांढरी बुरशी आली. पुढे एवढी वाइन भरलेली, पण मला कुणी तेलाचा एक थेंब दिला नाही. समोर पिंपाची पाठ, मागे भिंत. ज्या सायकलला लांब जायला घडवलं, तिचं चाक अकरा वर्षांत अर्धा फेरासुद्धा फिरलं नाही. मला राग यायचा, रडू यायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सवय व्हायला लागली होती.

दर सोमवारी आन्सेल्म यायचा. लाकडातून वाइन थोडी थोडी उडून जाते, म्हणून पिंपात भर घालावी लागते, नाहीतर वाइन आंबते. भर घालून झाली की तो पातळी मोजायची लांब काठी घ्यायचा, ती फटीतून आत सरकवायचा आणि माझी घंटी वाजवायचा. ट्रिंग ट्रिंग. मग तिथेच उभा राहायचा.

एका सोमवारी जिनेट जिन्यावर येऊन उभी होती. ती सगळं समजली. आधी हसली, मग बसली पायरीवर.

"पोट मोजायचं विसरलास? अरे, स्वतःचं रोज आरशात बघतोस की!"

"जिनेट, तिला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? खोटं तू बोललास, खरंही तूच बोलायचं." मग हळू आवाजात म्हणाली, "ती आता सायकलला दोन दोन कुलपं लावते, माहीत आहे? आपल्या अंगणातसुद्धा."

सोलेन नाताळात दोन दिवस यायची, टेबलावर हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या आणि ती जायची. तळघरात कधी उतरली नाही. त्या पिंपातल्या वाइनचं मात्र चहूकडे कौतुक होत होतं. प्रत्येक मोसमात वाइन बाटल्यांत गेली की पिंप धुऊन पुन्हा भरायचे. लाकूड कोरडं ठेवलं तर आकसतं, फळ्यांतून गळतं. "पिंप रिकामं ठेवता येत नाही ना," आन्सेल्म म्हणायचा. खरं होतं ते. आणि सबब म्हणूनही सोयीचं होतं.

बाराव्या उन्हाळ्याच्या शेवटी एका सकाळी जिन्यावर बरीच पावलं वाजली. सोलेन आठ पाहुण्यांना घेऊन आली होती. ज्या मळेवाल्यांकडे ती पाहुण्यांना नेहमी न्यायची त्यांच्या घरी कुणी आजारी होतं, म्हणून नाइलाजाने इथे आली. आवाज भारदस्त झाला होता, पण मी ओळखला. माझी पोर ती!

पेले भरले, चीजचे गरम पाव वाटले. एका पाहुण्या बाईने पिंपावर हात ठेवून विचारलं, "केवढं मोठं! याच्यामागे काय आहे?"

"भिंत," आन्सेल्म म्हणाला.

"आन्सेल्म!" जिन्यावरून जिनेट एवढंच म्हणाली.

मी श्वास रोखला. सायकलला श्वास नसतो, तरी रोखला. अकरा वर्षं हाच क्षण येईल म्हणून बसले होते. आन्सेल्मने काठी घेतली. ती दोनदा चुकून भिंतीवर आपटली. मग ती माझ्यापर्यंत आली.

ट्रिंग ट्रिंग.

सोलेनच्या हातातला पेला तसाच राहिला. ती पुढे आली, मोबाइलचा उजेड फटीत टाकला, आणि तो उजेड माझ्या हँडलवर थांबला. तिचे डोळे दिसले मला. ती बापाकडे वळली, मग पाठ फिरवली. पाहुण्यांना म्हणाली, "चला, उशीर होतोय," आणि गेली.

त्या दिवशी मला वाटलं, संपलं सगळं. आता सोमवारची घंटीसुद्धा वाजायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून तळघरात गडबड सुरू झाली. वाइन लहान पिंपांत काढली. मग त्याने हातोडा घेतला. सुतार आला होता, तो कळवळून म्हणाला, "मालक, पट्टे सोडले तर हे लाकूड पुन्हा तसं बसणार नाही. एवढं नावाजलेलं पिंप!"

"माहीत आहे," आन्सेल्म म्हणाला, आणि पहिला पट्टा त्याने स्वतः ठोकून काढला.

एकेक फळी सुटत गेली आणि माझ्यावर उजेड पडत गेला. सांगू नये, पण त्या उजेडाचीही मला भीती वाटली.

तीन दिवसांनी सोलेन आली, एकटी, रागाने लाल होऊन. मी अंगणात उभी होते. आन्सेल्म गुडघ्यावर बसून माझ्या टायरमध्ये हवा भरत होता. चेनला तेल घातलं होतं, जरा जास्तच, सगळीकडे ओघळत होतं.

"आयुष्यात कधी पंप धरलास का रे?" सोलेन म्हणाली. भांडायचं सगळं तयार करून आली असेल, पण तोंडातून हेच निघालं.

"नाही धरला." तो उठला नाही. "तुला अडकवायला गेलो, पोरी. मग खोटं बोललो. रोज वाटायचं, आज सांगू. अकरा वर्षं सुटका माझीही नव्हती. चुकलं माझं."

सोलेनची नजर फुगत चाललेल्या टायरवर गेली. मग म्हणाली, "पपा, पुरे, एवढी हवा नको, जुना टायर आहे, तो फु—"

फाट्! टायर फुटला. आन्सेल्म मागच्या मागे बसला. आतून जिनेट धावत आली. सोलेन हसायला लागली, आणि हसता हसता बापाच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. "अकरा वर्षं, पपा! अकरा वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला चोर समजले!" तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

आता मला नवे टायर आहेत. सीट तीच आहे, बुरशीचा डाग गेला नाही. त्या पिंपाच्या फळ्यांचा अंगणात बाक झाला आहे आणि आन्सेल्म त्याच्यावर बसून रस्त्याकडे बघतो. सोलेन कामावर जाते, दूर जाते, महिना महिना येत नाही. पण येते.

मित्रांनो, एका म्हाताऱ्या सायकलचं एवढं ऐका. आमच्या चेनला तेल घाला, टायरमध्ये बेताची हवा भरा, आणि आम्हाला कोपऱ्यात टाकून विसरू नका. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला वाट मोकळी ठेवा. चुकून खोटं बोललात, तर त्याच संध्याकाळी खरं सांगून टाका. पिंप भरायच्या आत.

परवाच सोलेनने मला क्लूनीपर्यंत नेलं. परतताना स्टेशनच्या वळणावर तिने दोनदा घंटी वाजवली आणि आतून आन्सेल्म ओरडला, "जिनेट, सूप!" सोलेनने मला भिंतीला टेकवलं. सवयीने तिने पिशवीतून कुलूप काढलं, क्षणभर हातात धरलं, पुन्हा पिशवीत टाकलं आणि जेवायला आत पळाली.