दिवे लागलेली गाडी

समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, तेव्हा मला वाटलं, माझे आजोबा आजारी असल्याची बातमी अलाबामापर्यंत पोचली असावी.

सकाळी आईचा फोन आला होता. "निल्स, डॉक्टर म्हणतायत बोलावून घ्या. आजोबा बोलतायत अजून, पण मधेच थांबतात." मी वर्ग सोडला, पिशवीत हाताला लागतील ते कपडे कोंबले आणि दुपारच्या विमानाने मिनेसोटाला घरी जायला निघालो. वसतिगृहाच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायला थांबलो होतो. रस्त्याने गाड्यांची रांग चालली होती. निळ्या गाडीतल्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं, वेग कमी केला आणि 'ये, ये' असा हात केला. दक्षिणेतली माणसं फार अगत्याची, हे युनिव्हर्सिटीच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. मी हात हलवून आभार मानले आणि रांगेत शिरलो.

माझी गाडी म्हणजे आजोबांचीच जुनी गाडी. बर्फाच्या धुरळ्यात समोरच्याला दिसावी म्हणून त्यांनी स्वतः तारा जोडून अशी सोय केली होती, की इंजिन सुरू झालं की पुढचे दिवे लागत. ते बंद करायची सोय तेवढी राहून गेली होती. त्यामुळे ऑगस्टपासून मी भर उन्हात दिवे लावून फिरत होतो. दिवसाढवळ्या दिवे लावून एकामागे एक सावकाश जाणाऱ्या गाड्या म्हणजे काय, हे इथलं पाळण्यातलं पोरही सांगेल. पण मला पाळण्यात असताना मिनेसोटात ठेवलं होतं.

चौकात लाल दिवा होता. मोटरसायकलवरच्या पोलिसाने आडव्या गाड्या अडवून मला पुढे जाऊ दिलं. पंपावर पेट्रोल भरणाऱ्या एका माणसाने नळी तशीच सोडून टोपी काढली. असंच चाललं असतं तर मी विमानतळावर वेळेआधी पोचलो असतो.

विमानतळ सरळ होता. रांग डावीकडे वळली. मी सरळ जायला लागलो तर दुसरा पोलीस मोटरसायकल आडवी घालून उभा, आणि त्याचा पांढरा हातमोजा डावीकडे. पोलिसाने हात केला की वाद घालायचा नाही, ही आजोबांचीच शिकवण. मी वळलो. पुढे चर्च होतं, चर्चमागे कबरस्तान होतं आणि रांगेच्या सगळ्यात पुढे शवगाडी होती. दिवे लावलेली ही रांग म्हणजे अंत्ययात्रा होती, आणि दिवे माझेही लागलेले होते.

गाड्या अरुंद वाटेवर नाकाला शेपूट लावून थांबल्या. पुढे गाडी, मागे गाडी, दोन्ही बाजूंना कबरी. निघायचंच म्हटलं तर कुणाच्या तरी आजीवरून जावं लागलं असतं.

मी उतरलो. खोक्यासारखा रुंद, घामाने निथळणारा एक माणूस माझी नंबरप्लेट वाचत होता.

"मिनेसोटा!" तो ओरडला. "ओपल! अगं ताई, रसेलचा पोरगा आला गं!"

"नाही हो सर, मी रसेलचा मुलगा नाही."

"रसेलही असंच म्हणायचा, की मी या घरातला नाही." त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "मी डुएन. तुझ्या ओपलकाकीचा भाऊ. एका मोटरबोटीवरून तुझ्या बापाने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, पण आज तुला पाठवलं ना? बास."

"सर, मला विमान पकडायचंय. माझे आजोबा..."

"आजोबा कधीचे गेले रे. आता काका गेला. चल, पेटीचं कडं धर. सहावा माणूस नाहीच आहे आपल्याकडे."

आता सांगायला हवं, की मी ओरडायला हवं होतं. पण वसतिगृहात राहून मला एवढंच जमायला लागलं होतं, की कुणी काही म्हटलं की 'यस सर' म्हणायचं. तिथे माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. वर्गात, मेसमध्ये मी 'मिनेसोटा' होतो. "काय मिनेसोटा, वितळलास का?" माझ्या खोलीतला टकर दर शनिवारी आईच्या हातचं जेवायला घरी निघायचा आणि दारातून म्हणायचा, "मिनेसोटा, ये की लेका एकदा आमच्याकडे!" पत्ता न सांगता जायचा. इथे यायचा सल्लाही आजोबांचाच. "जिथे बर्फ उपसावा लागत नाही तिथे शीक," म्हणाले होते.

तर मी 'यस सर' म्हणालो.

कै. व्हर्लन टॅकेट जिवंतपणी चांगलं खात असावेत. आम्ही सहा जणांनी पेटी उचलली आणि गवतातून निघालो. माझ्या पुढचा म्हातारा मान न वळवता म्हणाला, "पोरा, हात सोडू नको हं. एकाचं सुटलं की सगळ्यांचं सुटतं."

तेवढ्यात माझ्या उजव्या खिशात फोन थरथरायला लागला. उजव्या हातात व्हर्लन टॅकेट होते.

फोन थांबला. आम्ही चार पावलं गेलो. फोन पुन्हा थरथरला. खड्डा अजून लांब होता. मी खिशाकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "पुढे बघ." मी पुढे बघितलं. फोन थांबला.

पेटी टेकवल्यावर मी हात झटकत मागे सरलो. पाद्रीबुवांनी भाषणात व्हर्लनकाकांचा प्रत्येक मासा पुन्हा गळाला लावायला सुरुवात केली होती. मी देवदाराच्या झाडामागे जाऊन आईला फोन लावला.

"तुझ्याशी बोलायचंय म्हणाले," आई म्हणाली. "मी त्यांच्या कानाला फोन लावून धरला होता. रिंग ऐकत राहिले."

"मग?"

"म्हणाले, गाडी चालवत असेल. शहाणा आहे, चालवताना उचलत नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा निल्स, रिंग मी एकटीच ऐकत होते."

झाडामागून मला पेटी खाली उतरताना दिसत होती. माणसं टोप्या हातात घेऊन उभी होती. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, नाहीतर मीही काढली असती.

चर्चच्या हॉलमध्ये जेवण मांडलं होतं. मी दारातच उभा होतो. काळ्या पोशाखातली व्हर्लनकाकांची बायको, मिस ओपल, ताटली घेऊन माझ्यापाशी आली; इथे लग्न झालेल्या बायकांनाही आदराने मिसच म्हणतात.

"रसेलला दोन मुलीच आहेत," ती हळूच म्हणाली.

"मॅडम, मी सांगत होतो..."

"तू गाडीतून उतरलास तेव्हाच कळलं मला. पण डुएनकडे पाच माणसं होती रे बाळा. पाचांनी उचललं की पेटी तिरकी होते. व्हर्लन जन्मभर तिरकं चालला, म्हटलं जाताना तरी सरळ जावा." ती किंचित हसली. मग माझं तोंड पाहून थांबली. "तू निघाला कुठे होतास?"

मी सांगितलं. कुठे निघालो होतो ते, फोनचं, रिंगचं. ताटली तिच्या हातातच राहिली.

"नाव काय त्यांचं?"

"आर्विद हाउगेन."

तिने ते नाव चुकीचं म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा नीट आलं, तेव्हा मान हलवली.

"आणि तुझं?"

"निल्स."

"डुएन!" तिने वळून हाक मारली. "सगळ्या गाड्या काढा. निल्सला वाट द्या."

जेवण अर्धवट टाकून माणसं किल्ल्या शोधत बाहेर गेली. कुणाची गाडी गवतात गेली, कुणाची उलटी चर्चच्या पायरीला टेकली. डुएन घामाघूम होऊन हातवारे करत होता, "ये, ये, अजून ये!" थोड्या वेळात त्या वाटेवरून ट्रॅक्टर गेला असता एवढी जागा झाली. माझं विमान तेव्हा कुठेतरी टेनेसीवर असणार. पुढचं उद्या सकाळी होतं. मिस ओपलने तळलेलं चिकन आणि बटाट्याची कोशिंबीर चंदेरी कागदात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली आणि त्या पुडक्याला सीटचा पट्टा लावला.

युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला लागलो. कडेच्या एका अंगणात एक म्हातारा गवत कापत होता. माझे दिवे पाहिल्यावर त्याने यंत्र बंद केलं, टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्या मागे बाकीच्या गाड्या शोधायला लागला.

मागे कुणी नव्हतं. मी वेग जरा कमी केला, शोभेल इतपत.