मागच्या खोलीचा लोड

गाडी दारात येऊन चार दिवस झाले होते आणि अजून ती खिडकीतून बाहेर काढलेल्या केबलवर, साध्या प्लगवर चार्ज होत होती. म्हाताऱ्या वायरमनला हे बघवत नव्हतं. असली लोंबती वायर दिसली की ज्यानं पस्तीस वर्षं घरमालकांची खरडपट्टी काढली, त्याच्याच खिडकीत हे लटकणं म्हणजे अब्रूचं खोबरंच की! नाकात ऑक्सिजनची नळी, पलंगाशेजारी घरघरणारं मशीन. दम पुरत नसल्यामुळे एक शिवीही दोन हप्त्यांत द्यावी लागायची, पण पठ्ठ्या ती पुरी केल्याशिवाय सोडायचा नाही.

"बाबा, चार्जर कोणता बसवायचा ते तुम्हीच ठरवा," लेक म्हणाली होती, आणि तेव्हापासून स्वारी खुशीत होती. आठ महिन्यांत या मागच्या खोलीत त्याला लोकांनी दोनच प्रश्न विचारले होते, औषध घेतलं का आणि झोप लागली का. आता कुठे कुणाला त्याच्या डोक्याची गरज पडली होती.

लेक चष्म्याच्या काचा गावोगावच्या दुकानांत पोचवायची. रोजचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पहाटे पाचला बाहेर, रात्री नऊला घरात. म्हणून तर ही विजेची गाडी घेतली. म्हाताऱ्यानं मनाशी पक्कं केलं होतं की उन्हाळ्यात मशीन सुटेल, आणि मग एक दिवस नळीबिळी काढून, पुढच्या सीटवर ऐटीत बसून लेकीबरोबर सगळी फेरी मारायची. मशीन सुटेल असं डॉक्टर मागे एकदा म्हणालेही होते. त्यानंतर डॉक्टरांना लेक एकटीच भेटायची, आणि ते आता काय म्हणतात हे त्यानं तिला विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती म्हणा ना.

चार्जरचं बघायला आला तो त्याचाच जुना हेल्पर. खिशात सदानकदा टेस्टर, म्हणून नावच टेस्टर पडलेलं. आता त्याला टक्कल पडलं होतं, स्वतःचं दुकान होतं, हाताखाली चार माणसं होती. पण या घराचं काम म्हटल्यावर तो स्वतः आला, आणि खोलीत पाऊल टाकताच चपराशासारखा उभा राहिला.

"बस की गाढवा," म्हातारा म्हणाला.

"आधी घर बघून घेतो, उस्ताद."

टेस्टर घरभर फिरला. मीटर बघितला, बोर्ड उघडला, कुठे काय चालतं ते तक्त्यात लिहिलं. मग बराच वेळ तो आणि लेक स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत राहिले. म्हाताऱ्याला शब्द कळत नव्हते. चार्जरची घासाघीस चालली असेल असं समजून तो गप्प पडून राहिला.

मामला तसा सरळ होता. घराला मंजूर लोड बारा किलोवॅटचा. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आधीच गच्च झालेला, वाढीव लोड सध्या कुणालाच मिळत नव्हता. चार्जर दोन: मोठा साडेसातचा, लहान साडेतीनचा. मोठा असेल तर गाडी रात्रीत पोटभर चार्ज होणार. लहान असेल तर सकाळी अर्धपोटीच निघणार. घरातल्या बाकीच्या सगळ्याची बेरीज किती होते, त्यावर काय ते ठरायचं.

टेस्टर परत आला तेव्हा म्हाताऱ्यानं नुसता हात पुढे केला. आणि टेस्टरनं तक्ता त्या हातात दिला. द्यायचा नव्हता त्याला. पण वीस वर्षं तक्ता लिहिला की उस्तादाकडे बेरीज तपासायला द्यायची सवय. डोकं नको म्हणेपर्यंत हात देऊन मोकळा झाला होता. दारात चहाचे कप घेऊन आलेली लेक जागच्या जागी थांबली.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. पुढची खोली, स्वयंपाकघर, गिझर, लेकीची खोली. चार पॉइंट दोन. मोठा चार्जर मिळवला की अकरा पॉइंट सात.

"बसतो की रे मोठा! काठोकाठ, पण बसतो." मग तो थबकला. "थांब. माझं मशीन कुठाय यात?"

टेस्टरनं लेकीकडे बघितलं. आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं, की लेकीला ते बघवेना.

"चार्जर यायला किती दिवस?"

"दहा आठवडे, उस्ताद."

"म्हणजे ऐन उन्हाळा! तोवर मशीन सुटणार, म्हणून धरलं नाहीस, होय ना? डॉक्टर म्हणाले वाटतं तसं? आणि मला सांगत नाही कुणी! लबाड कुठली!"

"हो बाबा," लेक म्हणाली. फार लगेच म्हणाली.

म्हातारा खूश होऊन पुन्हा तक्त्यात डोकावला. मागची खोली: एसी नाही. बरोबर, बऱ्या माणसाला एसीचे लाड कशाला? पण ट्यूबही नव्हती. पंखाही नव्हता. खोलीच्या नावापुढे नुसती एक आडवी रेघ होती.

"पंखा का नाही लिहिलास?"

"राहिला असेल, उस्ताद."

"राहिला? पंखा आणि ट्यूब मिळून शंभर वॅट. ते धरूनही मोठा बसतो. मग सोडलंस का?" त्याला दम लागला. थांबून त्यानं श्वास घेतला. "माणूस बरा झाला तरी त्याला पंखा लागतो की नाही?"

"बाबा, चुकून झालं असेल..."

"तू गप्प बस. याला मी शिकवलंय. याचं असलं चुकत नाही."

लेकीनं कप खाली ठेवले. "मी सांगितलं त्यांना. चार्जर बसेल तेव्हा घरात काय काय चालू असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागची खोली धरू नका."

"किती म्हणाले डॉक्टर?"

"बाबा..."

"आकडा सांग."

"दीड महिना. फार तर दोन."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. पावसाळी हवेत खांबावर चढून त्यानं तारा जोडल्या होत्या, शेजारचा माणूस चिकटलेला डोळ्यांनी बघितला होता, पण असा तो कधी टरकला नव्हता. कुणावर तरी ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण ओरडणार कुणावर? समोर ही दोघं, आणि दोघांचेही डोळे भरलेले.

"खोडा ते, टेस्टरकाका," लेक एकदम म्हणाली. "सगळं लिहा. मशीन लिहा, एसी लिहा, पंखा लिहा. आपण लहान चार्जर घेऊ. मला नको मोठा."

टेस्टरनं पेन काढलं. आणि खोटं कशाला सांगा, म्हाताऱ्याला क्षणभर हायसं वाटलं. तेवढं लिहिलं की जणू काम भागणार होतं! मग सवयीनं डोक्यात बेरीज सुरू झालीच. लहान चार्जर म्हणजे पोरीनं रोज कुठल्यातरी हमरस्त्यावर तासभर गाडी लावून, काचांच्या पेट्या सांभाळत ताटकळायचं. रात्री नऊचे दहा होणार. आणि आल्यावर कुलूप तिनंच उघडायचं.

"मोठा लिही," तो म्हणाला.

"बाबा, नको ना..."

"मोठा म्हटलं ना? रेघ राहू दे तशीच." तो टेस्टरकडे वळला. "वायर कुठून नेणार?"

टेस्टर घुटमळला. "बोर्ड पॅसेजमध्ये. गाडी या भिंतीपलीकडे. सरळ न्यायची तर इथून, पलंगाच्या वरून."

"बरोबर. इथूनच ने. उगाच वळसे घालू नकोस." त्यानं तक्ता परत दिला. "पण ड्रिल घेऊन यायचं ते मी गेल्यावर. चार्जर लवकर आला तर दुकानात ठेवून दे. मी आहे तोवर या भिंतीला भोक पाडायचं नाही. कळलं का?"

"कळलं, उस्ताद."

"एक दिवस जरी आधी आलास ना, तर..."

शिवीचा पहिला हप्ता निघाला आणि दुसरा काही येईना. टेस्टर खाली मान घालून बाहेर गेला. लेक पलंगावर येऊन बसली. म्हाताऱ्यानं चाचपडत तिचा हात शोधला आणि गच्च धरला.

"मला इतक्यात जायचं नाहीये गं," तो म्हणाला.