एक्केचाळीस झडपा

सुताराने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही खडूने. जुन्या सरकारी कचेरीची आता नवी ऑफिसं होणार होती, आणि आर्किटेक्ट बाईंनी मालकाशी भांडून एक गोष्ट मिळवली होती: शंभर वर्षं टिकलेलं लाकूड फेकायचं नाही. एक्केचाळीस खिडक्यांच्या झडपा उतरवायच्या, रंग काढायचा, दुहेरी काच बसवून परत लावायच्या. सुताराने प्रत्येक झडपेवर खडूने नंबर घातला आणि ती रंग काढायच्या हौदात सोडली. रंगाबरोबर नंबरही गेले. तीस वर्षांचा अनुभव, आणि अक्कल गवत चरायला गेली होती!

दिसायला सगळ्या झडपा सारख्याच. पण इमारत खचत गेली तशी एकेक चौकट आपापल्या परीने तिरकी झाली होती, आणि प्रत्येक झडप तासून तासून आपल्या चौकटीपुरतीच उरली होती. दोन दिवसांत जेमतेम तीन जागेवर बसल्या. शुक्रवारी दाराला भला मोठा पंखा लावून हवा कुठून गळते ते तपासणार होते. गळली, की मालक अल्युमिनियमच्या खिडक्या मागवणार आणि झडपा भंगारात. आर्किटेक्ट बाई ओरडल्या नाहीत, नुसत्या "बघा काही जमतंय का" म्हणाल्या. त्याचंच त्याला जास्त लागलं.

बुधवारी सकाळी त्याचा चहा तसाच गार झाला.

"जावईबापू, तोंड का उतरलंय?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाई त्याच्या घरीच राहायच्या. जावयाने काहीही केलं तरी त्यात त्यांना खोट सापडायचीच, म्हणून तो त्यांच्यापुढे कामाचा विषय काढत नसे. आज काढला.

"खडूने?" त्या म्हणाल्या. "अहो, तो तर साध्या पाण्यानेही जातो!"

"ठाऊक आहे, आई."

"मला घेऊन चला. सव्वीस वर्षं पुसल्यात त्या खिडक्या."

त्या कचेरीत त्या सफाईला होत्या, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. त्यांना विचारावं असं मात्र एकदाही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खालच्या दालनात झडपा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सासूबाई उलट्या बादलीवर बसल्या, चष्मा कपाळावर सारला आणि हात फिरवू लागल्या.

"ही रडकी. पावसात पाणी धरायची, बघा कोपरा कसा काळा पडलाय. जिन्याजवळची. ही हट्टी. हिची कडी मी दगडाने ठोकायचे, हे वण माझेच. पहिला मजला, डावीकडून चौथी. आणि ही चोरटी, वाऱ्याने आपोआप उघडायची. मीच खिळा मारून दोरी बांधली होती."

खिळ्याचं भोक होतं. सुताराने रडकी जिन्याजवळ नेली. ती चौकटीत शिरली आणि टक् करून बसली. त्याचा ऊर भरून आला, पण तोंडातून एवढंच निघालं, "पुढची?"

गुरुवारी संध्याकाळपर्यंत चाळीस बसल्या. या वेळी नंबर त्याने पटाशीने कोरले, आणि सासूबाईंनी ते नखाने खरवडून तपासले. शेवटच्या झडपेवर त्यांनी दोनदा हात फिरवला.

"ही माझी नाही."

"म्हणजे?"

"मोठ्या साहेबांच्या खोलीतली असणार. तिथे मला आत सोडत नव्हते. शिपाई पुसायचा."

ती तिथेच बसली.

शुक्रवारी पंखा सुरू झाला, तेव्हा प्रत्येक खोलीत कुणीतरी हात ओला करून खिडकीपाशी उभं राहायचं होतं. साहेबांच्या खोलीला माणूस कमी पडला. सासूबाई दाराशी आल्या आणि थबकल्या.

"चपला काढू?"

"कशाला, आई? इथे आता सगळेच बसणार."

त्या आत गेल्या. त्यांनी ओला तळवा चौकटीला लावला. खाली पंखा घोंघावत होता.

"येतेय हवा?" सुताराने जिन्यातून ओरडून विचारलं.

"तुमचं काम आहे ना? मग कशी येईल!"

इतक्या वर्षांत सासूबाईंनी केलेली ही पहिली तारीफ. सगळ्या खोल्यांतून "नाही, नाही" ऐकू आलं. आर्किटेक्ट बाईंनी यंत्रावरचा आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठून चक्क टाळ्या वाजवल्या. एकही झडप जाणार नव्हती.

तो धावत वर गेला. "आई, जमलं! चला घरी."

सासूबाई काचेतून खालचा रस्ता, झाडं, पलीकडची नदी बघत होत्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं नुसत्या पुसल्या. बघितलं कुठे?"

सुतार खाली गेला आणि आर्किटेक्ट बाईंची खुर्ची उचलून वर घेऊन आला.