डोंगराची तयारी

आमच्या गुरुजींनी डोंगर चढायचं ठरवलं आणि माझं कशात लक्ष लागेना. गुरुजी म्हणजे माझा नवरा, रंगनाथ. ताडकळसच्या शाळेत शिकवायचे म्हणून गावाचे गुरुजी, मग माझेही गुरुजीच. त्यांचा मित्र वैजीनाथ रत्नागिरीला नोकरीला होता. त्यानं बोलावलं होतं, मे महिन्यात दोघं या, अख्खा दिवस समुद्राकाठचा डोंगर चढू, वरून नुसतं पाणीच पाणी दिसतं. बहात्तरच्या दुष्काळात मी हंडाभर पाण्यासाठी वणवण केली होती. नुसतं पाणीच पाणी, हे मला बघायचंच होतं.

पण बेत काही पक्का होईना. आज पहाटे निघायचं ठरे, उद्या ऊन उतरल्यावर. कधी काठी घ्यायची, कधी दोर, कधी चक्कर आली तर हुंगायला कांदा. वाटेसाठी दुधातल्या दशम्या एकाच फडक्यात बांधायच्या, एवढं मात्र कायम होतं. मे सरत आला तरी पूर्ण्याहून गाडी कधीची धरायची ते ठरेना. माझा जीव टांगणीला. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची.

"अवो, जायचं कवा?" मी विचारलं.

"बगू. तिकडं वर वारं कसं हाय, ते इचारायचं हाय."

वारं! माझं डोकंच फिरलं. अडाणी बायकोला चारचौघांत न्यायची लाज वाटत असणार, दुसरं काय?

पावसाआधी माळवदावर पांढरी माती घालावी लागते, नाहीतर घर गळतं. ती माती आम्ही गावच्या पडक्या गढीवरून आणायचो. उंच, उभ्या चढाची गढी. मी वर पाट्या भरायचे आणि डोक्यावरून खाली आणायचे. गुरुजी पायथ्याशी उभे राहून उतरवून घ्यायचे. वर यायला मास्तरकीचा मान आडवा येतो, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी रागाच्या भरात पाटी अशी शिगोशीग भरली की मला एकटीला उचलेना.

"वर या, हात लावा!" मी ओरडले.

खाली चार माणसं बघत होती, म्हणून आले. निम्म्यावर येऊन त्यांनी मागं वळून पाहिलं आणि दोन्ही हातांनी माती धरून मटकन बसले. चेहरा पार उतरला.

"कोकिळा, धर मला. खाली बगितलं की पाय सुटायलेत."

मी धावत उतरले, त्यांचा दंड धरला. उन्हाळ्यात सगळं गाव माळवदावर निजायचं आणि हे एकटे अंगणात. म्हणायचे, खालीच वारं चांगलं लागतं. आत्ता कुठं मला उमगलं. राग कुठल्या कुठं गेला. त्यांचं वाईट वाटलं, पण समुद्र हातचा जाणार म्हणून त्याहून जास्त वाटलं. खोटं कशाला सांगू?

"वैजीनाथला कळवतो, औंदा जमत न्हाई," ते मान खाली घालून म्हणाले. "लाज वाटत व्हती, म्हणून तुला बोललो न्हाई."

"कामून जमत न्हाई? तुमी खाली वाळूत बसा. डोंगर मी चढते. वर काय दिसलं ते येऊन सांगते."

"एकटी?"

"वैजीनाथ भावजी हायेत की, त्यांची बायको हाय. अन् डोक्यावर पाटी घेऊन मी रोज गढी उतरायले, डोंगराचं काय घेऊन बसलाव?"

त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. मग तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "तर मग दशम्या दोन फडक्यांत बांधाव्या लागतील."