करंगळीचं माप

आमच्या दुकानात अंगठीचं माप यांच्या डाव्या करंगळीवर घेतात. हे म्हणजे माझे यजमान, सोनार. गिऱ्हाइकाची जुनी अंगठी हे आपल्या करंगळीत घालतात, कुठे अडते ते बघतात, आणि मी वहीत लिहिते: मधल्या पेराच्या जरा अलीकडे, किंवा मुळापासून दोन केस वर. तीस वर्षांच्या त्या वहीत आकडा म्हणून एकही नाही. मापाच्या कड्यांचा जुडगा मी एकदा विकत आणला होता. "माझं बोट खोटं बोलत नाही," असं म्हणून यांनी तो कागदासकट खणात टाकला.

मी पॉलिश करते आणि लोकांची तोंडं सांभाळते. गेल्या दोन महिन्यांत ती तोंडं वाकडी यायला लागली. अंगठी सैल होते, फिरते, निसटते. पहिल्यांदा हे म्हणाले, त्या बाई वाळल्यात. दुसऱ्यांदा म्हणाले, थंडीने बोटं आक्रसतात. तिसऱ्यांदा म्हणाले, "हल्ली सगळेच उपाशी राहतात." मी अंगठ्या घासत राहिले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे आतल्या आत नुसती धुमसत होते.

मग शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. त्यांचे यजमान गेल्याच महिन्यात वारले, तेव्हा यजमानांची अंगठी बाईंनी आमच्याकडून लहान करून घेतली होती. बाई जुन्या गिऱ्हाईक, म्हणून माप वहीतलंच धरलं. शाळेच्या बेसिनवर हात धुताना ती अंगठी निसटून पाइपात गेली. पाइप खोलला, सापडली नाही. बाई भांडल्या नाहीत. "माझंच बोट बारीक झालं असेल," म्हणाल्या आणि रिकामं बोट चोळत बसून राहिल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर मला एका जागी बसवेना. काउंटर दोनदा पुसला, वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी माझ्या बोटातली अंगठी काढली. लग्नाच्या वेळी यांनी स्वतः केलेली.

"अहो, हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

ती पूर्वी यांच्या करंगळीत थेट मुळापर्यंत जायची. आता मधल्या पेरावरच अडली. वहीतली मापं जुन्या बारीक बोटाची, आणि अंगठ्या या जाड बोटावर जोखलेल्या, म्हणून सैल.

"तुमचं बोट जाडलंय."

"काम करणारं बोट आहे ते."

"मग तीस वर्षं काय झोपा काढत होतं?"

यांची नजर दुकानामागच्या स्वयंपाकघराकडे गेली. त्या नजरेच्या मागोमाग मी गेले आणि फ्रिज उघडला. लोण्याच्या कप्प्यात चार कुप्या आणि बारीक सुया. व्यायामशाळेतल्या मित्राने, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, वाढीचं हार्मोन म्हणून दिलेल्या. तीन महिने हे रोज सकाळी स्वतःच्या पोटात टोचून घेत होते आणि मला पत्ता नव्हता.

"हात थकायला लागला होता गं," हे खाली बघत म्हणाले. "हात गेला तर माझ्याकडे दुसरं आहे काय? आता बघ, झोप लागते, पोट उतरलं, जिना एका दमात चढतो."

ते खोटं नव्हतं. हे शीळ घालत काम करायला लागले होते, आणि मला ते आवडलंही होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी नणंदेला फोन लावला. ती रुग्णालयात नर्स आहे. ड्यूटी संपवून तशीच आली, यांच्या बोटाला सुई टोचली आणि साखरेचं यंत्र माझ्यासमोर धरलं. साखर चढली होती.

"दादा, हे खरं औषध आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे एक मुलगी येते. तिच्या अंगात ते पुरेसं तयारच होत नाही. डॉक्टर तपासण्या करून मोजून देतात, आणि ती चांगली उंच झालीय. पण तुझी तपासणी कुणी केली? पैलवानाने? अंगात पाणी धरतं, सांधे दुखतात, साखर वाढते, मनगटातली नस दाबली जाते. आणि कुपीत नक्की काय आहे, ते त्याला तरी माहीत आहे का? मुंग्या येतात ना हाताला?"

"कधीमधी."

"रोज," मी म्हटलं. "परवा चिमट्यातून खडा तीनदा पडला."

तिने यांचा डावा हात उलटा केला. यांच्या अनामिकेतली त्यांची स्वतःची लग्नाची अंगठी मांसात रुतली होती, बोट पुढे जांभळं पडलं होतं. "ही आत्ताच्या आत्ता काढ."

साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. अंगठी जागची हलेना. हे म्हणाले, मीच कापतो, माझं सोनं दुसऱ्याने कापायचं नाही. उजव्या हातात बारीक करवत धरली, पण चिमटीत जोर राहीना. एक पातं तुटलं. दुसरंही तुटलं. यांनी करवत माझ्यापुढे सरकवली आणि तोंड दाराकडे फिरवलं.

मी अंगठीखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली आणि कापू लागले. शेवटच्या ओढीला करवत पट्टीवरून घसरली आणि बोटात गेली. नणंदेने माझा दंड धरला.

"अजून किती वेळ?" हे दाराकडेच बघत म्हणाले.

मग यांनी वळून बघितलं. टेबलावर रक्ताचे थेंब होते.

"तुला लागलं?" यांनी मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. यांनी आपलं बोट डोळ्यांजवळ नेलं. जखमेच्या बाजूला नख रुतवलं. पुन्हा रुतवलं, आणखी जोरात. चेहरा पांढरा पडला.

"बोटाची जाणीव परत येईल?" यांनी बहिणीला विचारलं.

"थांबवलंस तर बहुतेक येईल. उद्या डॉक्टरकडे चल."

यांनी स्वतः उठून कुप्या आणल्या आणि तिच्या पिशवीत टाकल्या. मग मला म्हणाले, "खणातला तो जुडगा काढ. आणि बाईंना फोन लाव. त्यांचं बोट बारीक झालेलं नाही, हे त्यांना मीच सांगतो."

मी फोन लावून यांच्या कानाशी धरला. बोलणं झालं, तशी मी यांचा कापलेला हात पुढे ओढून पट्टी बांधायला बसले. मुद्दाम घट्ट बांधली. मग आणखी एक वेढा ओढून घेतला, आणि हे कधी ओरडतात याची वाट बघत राहिले.